पाटल्या गहाण ठेवण्याआधी

पत्र थोडक्यात : पत्रलेखक ३२ वर्षांचे आहेत. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतात, पगार ३८ हजार. घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. आठ महिन्यांपूर्वी मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी क्रिप्टोचे फ्युचर्स, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांच्या भावावर करायचे वायद्याचे सौदे, सुरू केले. आतापर्यंत २ लाख ६० हजार रुपये घातले, त्यासाठी पतसंस्थेतली एक लाखाची ठेवही मोडली. आज खात्यात ७१ हजार उरले आहेत. पत्नीला वाटतं, पैसे एसआयपीत आहेत. त्यांचं म्हणणं असं : "दहापैकी सात वेळा माझी एन्ट्री बरोबर असते, चुकते ती एक्झिट. स्टॉपलॉस लावला की भाव नेमका तिथे येऊन तो उडवतो आणि मग मी म्हटलेल्या दिशेनेच जातो. नाही लावला तर लिक्विडेट होतो." (स्टॉपलॉस म्हणजे ठरलेल्या तोट्याला सौदा आपोआप बंद करणारी सूचना; लिक्विडेट होणं म्हणजे अनामत संपत आली की प्लॅटफॉर्मने सौदा सक्तीने तोडणं.) आता सौद्यांचे इशारे देणाऱ्या एका टेलिग्राम चॅनेलचं महिना सहा हजारांचं सदस्यत्व घ्यायचं आणि पत्नीच्या पाटल्यांवर दीड लाखाचं सोनेतारण कर्ज काढून तोटा भरून काढायचा, असा त्यांचा विचार आहे. एन्ट्री-एक्झिटचे पक्के नियम सांगा, अशी विनंती आहे. सोबत आठ महिन्यांच्या सौद्यांची यादी जोडली आहे.

नमस्कार,

पाटल्यांचं आधी सांगते. त्या गहाण ठेवू नका. बाकीच्या उत्तरावर तुम्ही माझ्याशी वाद घालू शकता, या एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. त्याचं कारण पुढे येईल.

तुम्ही सगळी यादी पाठवलीत, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. बहुतेक लोक फायद्याच्या सौद्यांचे स्क्रीनशॉट पाठवतात आणि तोट्याचं तोंडी सांगतात. तुमच्या यादीमुळे मला अंदाजाने बोलावं लागणार नाही. मी ती वहीत मांडून काढली.

एकूण १४० सौदे. ९७ फायद्यात, ४३ तोट्यात. म्हणजे दहापैकी सात हे तुमचं म्हणणं खरं आहे. फी आणि फंडिंग (सौदा धरून ठेवण्याचं भाडं) वजा करून फायद्याच्या सौद्यात सरासरी ९०० रुपये आले. तोट्याच्या सौद्यात सरासरी ६,४२५ रुपये गेले. ९७ सौद्यांचे झाले ८७,३००, आणि ४३ सौद्यांचे गेले २,७६,२७५. वजाबाकी केली की तुमचे गेलेले १ लाख ८९ हजार जवळजवळ पैशापर्यंत जुळतात. याच सौद्यांत, याच एन्ट्र्यांवर, तोटा सरासरी २,०३० रुपयांवर थांबला असता तर आज तुमची मुद्दल शाबूत असती.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, "तेच तर म्हणतोय, एक्झिट चुकते." पण जरा थांबा. "एन्ट्री बरोबर असते" हे तुमचं वाक्यही तपासायला हवं.

तुमचा सरासरी सौदा अडीच लाखांचा आहे : दहा हजार मार्जिन (तुमची अनामत), पंचवीस पट लिव्हरेज (त्यावर घेतलेला उसना जोर). अडीच लाखांवर ९०० रुपये म्हणजे ०.३६ टक्के. फी धरली तर भाव तुमच्या बाजूने साधारण अर्धा टक्का सरकला की तुम्ही बाहेर पडता. विरुद्ध गेला तर मात्र सरासरी अडीच टक्के जाऊ देता. आता समजा, एखाद्याने चार्ट न बघता, डोळे मिटून एन्ट्री घेतली. फायद्याची हद्द अर्ध्या टक्क्यावर आणि तोट्याची अडीच टक्क्यांवर ठेवली. जवळची हद्द आधी लागण्याची शक्यता जास्त, त्यामुळे निव्वळ योगायोगानेही त्याचे दहापैकी आठ सौदे फायद्यात सुटतील. तुमचे सात सुटले. हे वाचून वाईट वाटेल, मला कल्पना आहे. पण ज्या सात-दहाच्या आकड्यावर तुम्ही पत्नीचं सोनं लावायला निघालात, तो आकडा तुमच्या अंदाजाचं यश दाखवत नाही. तुम्ही फायदा किती लवकर खिशात घालता आणि तोटा किती उशिरा मान्य करता, एवढंच तो दाखवतो.

तुम्ही क्वालिटीत काम करता, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. शाफ्ट हातात आला, व्हर्नियर लावलं, आणि मग टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, किती धरायचा हे तुम्ही ठरवता का? तो ड्रॉइंगवर आधीच लिहिलेला असतो. पार्ट त्याबाहेर गेला की रिजेक्ट. मशीनवर कोण होतं, मटेरिअल किती महाग होतं, दिवसाचं टार्गेट भरायला किती नग कमी पडतायत, याचा त्या निर्णयाशी संबंध नसतो. मात्र तुमच्या यादीत १९ सौदे असे आहेत ज्यांत स्टॉपलॉस एकदा तरी खाली सरकवलेला दिसतो. कारखान्यात कुणी पार्ट पास व्हावा म्हणून टॉलरन्स वाढवला, तर त्याला तुम्ही काय म्हणाल?

आता तुमची मूळ विनंती, एन्ट्री आणि एक्झिट. तुम्ही ज्या क्रमाने विचारलंत त्याच्या उलट क्रमाने मी सांगणार आहे, कारण कामही त्याच क्रमाने करायचं असतं.

पहिला प्रश्न : माझं चुकलं हे मला कुठल्या भावाला कळेल? चार्टवर त्याची एक जागा असते. समजा बिटकॉइन १ लाख डॉलरवर आहे. मागे ९८ हजारांच्या आसपास भाव दोन-तीनदा येऊन उलटला आहे. तेजी टिकणार असेल तर ही पातळी टिकायला हवी. ती ठळकपणे तुटली, तर तुमची कल्पना चुकली. म्हणून स्टॉपलॉस ९८ हजारांना नेमका न ठेवता, थोडी जागा सोडून ९७,२०० ला. एक लाखापासून हे अंतर २.८ टक्के.

दुसरा प्रश्न : चुकलं तर मी किती रुपये सोडायला तयार आहे? मुरलेले लोक सहसा एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त सोडत नाहीत. तुमच्याकडे ७१ हजार आहेत, म्हणजे ७१० रुपये.

या दोन उत्तरांतून सौद्याचा आकार आपोआप निघतो. ७१० भागिले २.८ टक्के, म्हणजे साधारण २५ हजारांचा सौदा. तुमचा सरासरी सौदा अडीच लाखांचा होता. बरोबर दहापट. आणि बघा, २५ हजारांचा सौदा ७१ हजारांच्या भांडवलात उसन्या जोराशिवाय बसतो. लिव्हरेजची गरजच पडली नाही. लिव्हरेज किती घ्यायचं यावर तुम्ही आठ महिने डोकं लावलंत, पण हा हिशेब केला असतात तर तो प्रश्न बहुतेक वेळा आलाच नसता. मार्जिन मोकळं ठेवायचं म्हणून कुणी दोन-तीन पट लावलं तर एकवेळ समजू शकते, कारण तेव्हा लिक्विडेशन स्टॉपलॉसच्या खूप पलीकडे राहतं.

पंचवीस पटीत काय होतं? भाव चार टक्के विरुद्ध गेला की मार्जिन संपतं. प्लॅटफॉर्म स्वतःला तोटा नको म्हणून थोडं आधीच, साडेतीन टक्क्यांच्या आसपास, सौदा तोडतो. बिटकॉइन शांत दिवशीही एक-दोन टक्के वरखाली होतो, इतर नाणी त्याहून जास्त. म्हणजे तुमची लिक्विडेशनची जागा रोजच्या हेलकाव्याच्या अगदी शेजारी होती. ४३ तोट्यांपैकी ११ तिथेच गेले. ती एक्झिट तुमची नव्हती, प्लॅटफॉर्मने केलेली वसुली होती.

"स्टॉपलॉस उडवतात" या तक्रारीचं उत्तरही इथेच आहे. मला वाटतं, तुमच्या मागे कुणी लागलेलं नाही. तुमचा स्टॉप चार्टवरच्या जागेवर नव्हता, खिशाला सोसेल तिथे होता. एवढा मोठा सौदा घेतल्यावर २.८ टक्क्यांचा स्टॉप म्हणजे सात हजार रुपये, ते सोसवत नाहीत, म्हणून तुम्ही तो एक टक्क्यावर आणून ठेवता. त्या अंतरात भाव दिवसातून दोनदा जाऊन येतो. शिवाय ९८ हजारांसारख्या गोल आणि उघड्या पातळीच्या नेमक्या खाली हजारो लोकांचे स्टॉप साठलेले असतात. भाव तिथे पोचला की ते सगळे एकदम विक्रीला निघतात, चार्टवरच्या कॅन्डलला (ठरावीक वेळेतली भावाची हालचाल दाखवणाऱ्या उभ्या पट्टीला) लांब शेपटी येते आणि मग भाव परत फिरतो. यावर उपाय एकच : स्टॉप दूर, सौदा लहान. दोन तांत्रिक गोष्टीही बघून घ्या. स्टॉप शेवटच्या सौद्याच्या भावावर लागतो की मार्क प्राइसवर, हे बहुतेक ठिकाणी निवडता येतं. मार्क प्राइस अनेक बाजारांच्या भावावरून काढतात, त्यामुळे एकाच प्लॅटफॉर्मवर आलेल्या क्षणिक शेपटीने तो सहसा उडत नाही. आणि स्टॉप मार्केट प्रकारचा, म्हणजे मिळेल त्या भावाला विकणारा, ठेवा. लिमिट प्रकारचा, ठरलेल्या भावालाच अडणारा स्टॉप वेगाने पडणाऱ्या बाजारात न भरताच मागे राहू शकतो.

वेगाने पडणं म्हणजे काय, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. तुमच्या यादीत ११ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटेच्या दोन नोंदी आहेत, दोन्ही लिक्विडेशनच्या. त्या आठवड्याच्या सुरुवातीला बिटकॉइनने सव्वा लाख डॉलरच्या वर उच्चांक केला होता. मग आपल्याकडे पहाटे अडीचच्या सुमारास अमेरिकेच्या अध्यक्षांनी चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क जाहीर केलं आणि बाजार कोसळला. चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे सौदे सक्तीने तोडले गेले, सोळा लाखांच्या आसपास खाती त्यात सापडली. काही लहान नाण्यांचे भाव मिनिटांत अर्ध्याहून खाली गेले. एक लिक्विडेशन म्हणजे एक सक्तीची विक्री, तिच्याने भाव आणखी खाली, मग पुढच्या माणसाचं लिक्विडेशन, अशी ती साखळी होती. काही ठिकाणी तर मंदीचे, म्हणजे फायद्यातले सौदेसुद्धा प्लॅटफॉर्मने स्वतःहून बंद केले, कारण समोरच्या बाजूला पैसे द्यायला कुणी उरलं नव्हतं. त्या नियमाला ऑटो-डिलिव्हरेजिंग म्हणतात आणि तो तुम्ही खातं उघडताना मान्य केलेला असतो. अशा पहाटे कुणाचाच स्टॉपलॉस पूर्ण भरवशाचा नसतो. सौद्याचा आकारच तेवढा वाचवतो. तुम्ही त्या वेळी नाइट शिफ्टला होता, असं पत्रात लिहिलं आहे. गेज हातात आणि फोन खिशात.

मग तिसरा प्रश्न एन्ट्रीचा, आणि त्यावर मला सर्वांत कमी सांगायचं आहे. चांगली एन्ट्री म्हणजे जिथून "चुकलो" ही जागा जवळ आणि स्पष्ट असते, आणि फायद्याची जागा निदान दुप्पट लांब असते. वरच्या उदाहरणात मागचा उच्चांक १ लाख ६ हजारांवर असेल तर सहा हजार मिळवायला २,८०० धोक्यात. चालेल. तोच भाव धावत १ लाख ४ हजारांवर गेल्यावर "सुटलं, सुटलं" म्हणून उडी मारली, तर मिळायचे दोन हजार आणि चुकल्याची जागा अजून ९७,२०० लाच. दिशा तीच, अंदाज तोच, पण एन्ट्री वाईट. तुमच्या यादीत अशा उड्या बऱ्याच आहेत. एक-दोन तासांच्या उसळीनंतर, तेही टेलिग्रामवर कॉल, म्हणजे सौद्याचा इशारा, आल्यावर. पाच मिनिटांचा चार्ट सोडा, चार तासांचा आणि दिवसाचा बघा. कॅन्डल बंद होऊ द्या, मग निर्णय घ्या. जुना अडथळा ओलांडून भाव परत त्याच पातळीला टेकायला येतो, तिथे वाट बघत बसायची सवय लावा. कित्येकदा भाव तुमच्याशिवाय निघून जाईल. जाऊ द्या. फंडिंगकडेही नजर ठेवा. ते चढतं आणि तेजीवाल्यांच्या खिशातून जात असेल, तर सगळी गर्दी तुमच्याच बाजूला आधीच उभी आहे असं समजा.

फंडिंगवरून एक आठवण. माझ्या काकांची सांगलीत हळदीची अडत होती. पुढच्या महिन्यात येणाऱ्या मालाचा भाव पडेल या भीतीने ते वायदा विकून ठेवत. त्या वायद्यामागे गोदामात हळद होती आणि त्याला मुदत होती. तारीख आली की हिशेब पुरा करावाच लागे. क्रिप्टोतले बहुतेक फ्युचर्स बेमुदत आहेत. २०१६ मध्ये बिटमेक्स या क्रिप्टो प्लॅटफॉर्मने ही पद्धत आणली, पुढे सगळ्यांनी उचलली. तारीखच नसल्यामुळे "आज नाही तर उद्या येईल परत" म्हणत माणूस सौदा धरून बसू शकतो, आणि बसण्याचं भाडं म्हणून फंडिंग कापलं जातं. बऱ्याच ठिकाणी दर आठ तासांनी, आपल्या वेळेनुसार पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊला. दर नेहमीचा ०.०१ टक्का धरला तरी अडीच लाखांच्या तेजीच्या सौद्यावर दिवसाला ७५ रुपये. बाजार तापला की हाच दर कित्येक पट होतो. कॅलेंडर बाहेर काढणार नाही, म्हणून मुदत तुम्हालाच घालावी लागते. माझा सल्ला : सौद्याच्या नोंदीत तारीख लिहा. तीन दिवसांत भाव अपेक्षेप्रमाणे सरकला नाही, तर स्टॉप लागला नसला तरी बाहेर.

फायद्यातली एक्झिटही आधीच लिहायची. दुप्पट अंतर मिळालं की अर्धा सौदा सोडा, उरलेल्याचा स्टॉप खरेदीच्या भावावर आणा आणि नंतर प्रत्येक नव्या तळाखाली वर सरकवत न्या. वर सरकवायला परवानगी आहे, खाली नाही. अमेरिकेच्या महागाईचा आकडा संध्याकाळी सहा किंवा सातला येतो, फेडचा (तिथल्या मध्यवर्ती बँकेचा) व्याजदर रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला, त्यांच्या उन्हाळी-हिवाळी वेळेप्रमाणे. त्याआधी सौदा हलका करा. आणि एका दिवसात दोन तोटे झाले की फोन बंद. तुमचे सगळ्यात मोठे सहा तोटे आदल्या तोट्यानंतर तासाभरात घेतलेल्या सौद्यांचे आहेत. ते वेगळ्या रंगाने खुणा करून बघा.

टेलिग्रामवाल्याचं बोलू. तुमच्या सौद्यांवर येताना-जाताना मिळून ०.१ टक्का फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी गेला. अडीच लाखांवर २९५ रुपये. १४० सौद्यांचे ४१,३००. तुम्ही खातं त्याच चॅनेलच्या लिंकवरून उघडलंत, असं लिहिलं आहे. अशा लिंकवरून आलेल्या माणसाच्या फीतला वाटा लिंक देणाऱ्याला मिळतो, तुम्ही जिंका की हरा. सौदे जितके जास्त आणि लिव्हरेज जितकं मोठं, तितका त्याचा वाटा मोठा. तो दिवसाला पाच कॉल का देतो, याचं उत्तर यात असू शकतं. त्याचे "४०० टक्के" फायद्याचे स्क्रीनशॉट मार्जिनवर मोजलेले असतात. शंभर पट लिव्हरेजवर भाव चार टक्के हलला की तो आकडा दिसतो. हे सदस्यत्व घेऊ नका. सहा हजार म्हणजे तुमच्या आजच्या भांडवलाचे आठ टक्के, तेही दर महिन्याला.

आता कर्ज. जतकडच्या आमच्या भागात पाण्याची तूट आहे. एक बोअर कोरडी गेली की माणूस म्हणतो, एवढे पैसे घातलेत, आता थांबून कसं चालेल, शेजारच्या कोपऱ्यात दुसरी घेऊ. दुसरीसाठी दागिने, तिसरीसाठी सोसायटी. खाली पाणी आहे की नाही, हे आधी किती पैसे गेले यावर ठरत नाही, आणि घराघरांत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बोअरची गाडी येते. तुमचा हिशेब असा आहे : ७१ हजार अधिक कर्जाचे दीड लाख, म्हणजे २ लाख २१ हजार. त्यातून १ लाख ८९ हजार काढायचे म्हणजे ८५ टक्के नफा, वर कर्जाचं व्याज. ज्या पद्धतीने २ लाख ६० हजारांचे ७१ हजार झाले, त्याच पद्धतीने. जास्त पैसे आल्यावर सौदे लहान होतील असं तुम्हाला वाटतं का? मला वाटत नाही. घाई वाढलेली असेल, हप्ता डोक्यावर असेल.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचा तीन वर्षांचा अभ्यास जाहीर केला. एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, तोटा झालेल्यांचा सरासरी तोटा दोन लाखांच्या आसपास. खर्च वजा जाता लाखाहून जास्त कमावणारे फक्त एक टक्का. तो बाजार सेबीच्या देखरेखीखाली आहे आणि दुपारी बंद होतो. तुम्ही ज्या बाजारात आहात तो सेबीच्या कक्षेत नाही आणि रात्रीही बंद होत नाही. तुमची अक्कल कमी पडली म्हणून हे झालं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. या खेळात चांगल्या माणसांचंही हेच होतं.

म्हणून पुढचे रस्ते. पूर्ण थांबायचं, उरलेले ७१ हजार काढून घ्यायचे, हा एक. माझं मन याच बाजूला आहे. पगार ३८ हजार, लहान मुलगी, मोडलेली ठेव, हे बघता तुमच्या घराला पहिली गरज सहा महिन्यांच्या खर्चाच्या साठ्याची आहे. क्रिप्टोवर विश्वासच असेल तर लिव्हरेजशिवाय, साध्या खरेदीत, बुडाले तरी झोप उडणार नाही एवढी रक्कम ठेवता येते. तिथे लिक्विडेशन नाही. पण कर लक्षात घ्या : २०२२ पासून अशा नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि विकताना एक टक्का टीडीएस. फ्युचर्सचा हिशेब कुठल्या शीर्षकाखाली दाखवायचा यावर सीए मंडळींत मतभेद आहेत, तेव्हा तुमची यादी घेऊन सीएकडे जा आणि रिटर्नमध्ये ती लपवू नका. प्लॅटफॉर्म भारताच्या एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) नोंदलेला आहे का, तेही बघा. अनोळखी माणसाशी पीटूपीने, म्हणजे थेट आपसात, यूएसडीटीची (डॉलरच्या भावाला बांधलेल्या नाण्याची) खरेदी-विक्री करू नका. त्याच्याकडून आलेला पैसा एखाद्या सायबर फसवणुकीतला निघाला तर तुमचं पगाराचं खातं गोठतं आणि महिनोन् महिने पोलिस ठाण्यात खेटे घालावे लागतात.

दुसरा रस्ता, तुम्हाला शिकायचंच असेल तर. तीन महिने एकही खरा सौदा नाही. वहीत कागदावर तीस सौदे करा. प्रत्येकाला पाच रकाने : चुकल्याचा भाव, सोडायचे रुपये, त्यातून निघालेला आकार, फायद्याचा भाव, शेवटची तारीख. हे पाच भरल्याशिवाय एन्ट्रीचा भाव लिहायचा नाही. नाइट शिफ्टला वही घरी. तीस पुरे झाले की फायद्याची आणि तोट्याची सरासरी काढा, फी धरून. बेरीज अधिक आली तर २० हजार, आयसोलेटेड मार्जिनवर (फक्त त्या सौद्याची अनामत पणाला लागते), तीन पटीच्या आत. क्रॉस मार्जिन ठेवलं तर एक सौदा सगळं खातं ओढून नेतो. बेरीज उणे आली तर उत्तर तुमच्याच हस्ताक्षरात समोर असेल. ते वीस हजार पंधरावर आले की सगळ्यातून बाहेर, हीसुद्धा एक्झिट आणि तीही आधी लिहायची.

आणखी एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो, तरी विचारते. रात्री दोनदा-तीनदा उठून भाव बघता का? तोटा झाल्यावर तो भरून काढेपर्यंत जेवणावर लक्ष लागत नाही का? घरी खोटं बोलणं आणि कर्जाचा विचार या दोन खुणा तर पत्रातच आहेत. जुगाराच्या सवयीत अगदी हेच होतं, आणि तो आजार आहे, चारित्र्याचा दोष नाही. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्या इतरांनीही तो लिहून ठेवावा.

पत्नीला सांगायलाच हवं. एसआयपीचं खोटं आठ महिन्यांचं झालंय, कर्ज काढलंत तर ते वर्षांचं होईल. येत्या सुट्टीच्या दिवशी मुलगी झोपली की यादी काढा. किती घातले, किती गेले, किती उरले, हे तीन आकडे एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा आणि उरलेले ७१ हजार कुठल्या खात्यात जातील हे दोघांनी मिळून ठरवा. त्या रागावतील, कदाचित काही दिवस बोलणार नाहीत. स्पष्टीकरणं देऊ नका, ऐकून घ्या. आणि पाटल्या गहाण ठेवायचा विचार मनात आला होता, हेही सांगा. तेच सांगताना तुमची जीभ सर्वांत जड होईल, म्हणून ते आकड्यांच्याही आधी सांगा.